भिंतीवरची बिनचेहऱ्याची नवरी

आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर एक हत्ती होता आणि त्याच्या पायांना म्हशीचे खूर होते. हत्ती माझ्या ताईने काढला होता. तिने तोवर खरा हत्ती कधी पाहिला नव्हता, म्हैस मात्र रोज धुतली होती. त्यामुळे सोंड, सुळे, सुपाएवढे कान असं सगळं कॅलेंडरवरून रीतसर उतरवून झाल्यावर पायांपाशी तिचा हात ओळखीच्या वाटेने गेला. या भिंतीवरच्या चित्रावर मी गिटारचं एक रेकॉर्डिंग केलं आहे. हे वाक्य आमच्या भागात मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या एकालाही ते धड कळलं नाही, आणि आता लिहितानाही माझं डोकं थोडं तापलेलंच आहे.

आमच्याकडे लग्न निघालं की घराचा पुढचा भाग रंगवून घेतात. दारावर गणपती, दोन्ही बाजूंना हत्ती-घोडे, भालदार, वाजंत्री, हार घेऊन उभी नवरी आणि कमानीत नवरा-नवरीची नावं. वाशीमहून पेंटर येतो, चहा पीत पीत दोन-तीन दिवसांत उरकतो आणि पुढच्या लग्नघरी जातो. ते चित्र मग त्या घरात पुन्हा लग्न निघेपर्यंत राहतं. त्याला कुणी सायकल टेकवतं, निवडणुकीत कुणी त्यावर पत्रक चिकटवतं, पावसाळ्यात त्याला ओल येते. पुढचं लग्न ठरलं की त्यावर चुना फिरतो.

ताईच्या लग्नात पेंटरने फक्त गणपती काढला. लग्नसराई ऐन भरात होती. किन्हीराजाकडच्या कुठल्याशा लग्नघराचा त्याला फोन आला आणि तो "उद्या येतो" म्हणून रंगाचे डबे आमच्या ओट्यावर ठेवून जो गेला, तो गेलाच. बाबांनी त्याच्या नावाने चार दिवस शिव्या घातल्या. शेवटी ताईने ओढणी कमरेला बांधली, पाण्याचा ड्रम उलटा केला आणि त्यावर चढली. शाळेत असताना तिने चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, दोन्हीत तिला चांगली श्रेणी होती, आणि त्यानंतर त्या श्रेणीचा उपयोग म्हणजे दिवाळीची रांगोळी.

माय कपाळाला हात लावून बसली. नवरीने आपल्याच लग्नाची भिंत रंगवायची, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

"रंगवू दे वं," बाबा म्हणाले. "कोन पाहून राह्यलं?"

सगळं गाव पाहत होतं. बाजाराला निघालेल्या बाया डोक्यावरचं टोपलं न उतरवता पाच मिनिटं थांबून जायच्या. कुणी सुचवायचं, घोड्याला लगाम काढ. कुणी सांगायचं, माझ्या नवऱ्याले बी घे वरातीत. ताई हसायची आणि काढत राहायची. डाव्या अंगाला हत्ती आणि त्यामागे बॅन्डवाले. त्या बॅन्डवाल्यांत एकाच्या गळ्यात तिने गिटार अडकवली, कारण त्याच वर्षी मी कुणाची तरी वापरलेली गिटार घरी आणली होती आणि दिवसभर तिच्यावर बोटं सोलून घेत होतो. उजव्या अंगाला घोड्यावर नवरदेव. त्याचा तिने फक्त फोटो पाहिला होता आणि फोटोत त्याने घड्याळाचा हात पुढे धरला होता, म्हणून भिंतीवर त्याच्या मनगटावर ताटलीएवढं घड्याळ आलं. आणि सगळ्यांच्या शेवटी, दाराला अगदी लागून, नवरी. तिच्या शालूचे काठ, हातातला चुडा, मेंदी, हारातलं एकेक फूल असं सगळं मन लावून केलेलं. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता गव्हाळ रंग. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही.

त्या दिवशी मी वाशीमला किराणा आणायला गेलो होतो. संध्याकाळी आलो तेव्हा ड्रम जागेवर गेला होता, भिंत झाली होती आणि नवरीला चेहरा नव्हता. घरात पाहुण्यांची झुंबड. कुणाला काही विचारायची सोय नव्हती आणि मला विचारायचंही नव्हतं. मी थक्क होऊन पाहत राहिलो. मला वाटलं, माझ्या बहिणीने हे मुद्दाम केलं आहे. परक्या घरी जायला निघालेल्या मुलीला चेहरा नसतो, असं ती सांगते आहे आणि गावात ते एकट्या मला कळलं आहे. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो, त्या वयात असं काही तरी एकट्यालाच कळत असतं. पण खरं सांगायचं तर पुढच्या बारा-तेरा वर्षांत माझं मत बदललं नाही, उलट पक्कंच होत गेलं.

गिटारवर माझं पोट चालतं, म्हणजे लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि उरलेल्या वर्षात वाशीमला मुलांना शिकवतो. घरचा भाजीपाला आहेच. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हे सकाळी बाजारात पोचवून मग मी क्लासला जातो. स्वतःचं असं मी काही वाजवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चाली, दुसऱ्यांची गाणी, आणि तीही डीजेवाला मध्येच बंद करेल तोवर. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की बस झालं, एक रेकॉर्डिंग आपलं करायचं. कशावर करायचं याचा विचार करावाच लागला नाही. रोज दारातून आत-बाहेर करताना ते समोर होतंच.

मी हत्ती वाजवला. सगळ्यात जाड तारेवर, संथ, आणि त्याच्या प्रत्येक पावलाला एकाच्या जागी दोन सूर, अगदी जवळजवळ, एकमेकांना घासतील असे. ते खूर. मग बॅन्ड, त्यात एक बेसूर गिटार, तो मी. मग घोडा, मग घड्याळाची टिकटिक, ती तारेवर नख आपटून. मग नवरी, वरच्या पट्ट्यांवर, बांगड्यांच्या किणकिणीसारखी. आणि चेहरा आला की मी हात उचलला. अर्धा मिनिट काही नाही. नंतर दार उघडल्यासारखे दोन-तीन सूर, आणि संपलं. सगळं मिळून वीसेक मिनिटांचं. मला वाटत होतं की त्या अर्ध्या मिनिटासाठीच बाकीची साडेएकोणीस मिनिटं आहेत.

बाबांनी ऐकलं. म्हणजे मी समोर बसून ऐकवलं. शेवटपर्यंत मान हलवत राहिले आणि मग म्हणाले, "चांगलं हाय. आता याच्यात बोल कोन टाकणार हाय?"

"बोल नाहीत बाबा याच्यात. हे असंच हाय."

"मंग गानं कुठी हाय?"

ऑर्केस्ट्राच्या मालकाने विचारलं, यावर नाचता येईल का. धाकट्या भावाने एका कानात इअरफोन घालून दीड मिनिट ऐकलं आणि म्हणाला की थोडं फास्ट केलं तर त्याच्या लग्नाच्या व्हिडिओत मागे लावता येईल. या लोकांवर चिडून उपयोग नसतो हे मला समजतं, तरी मी चिडलो. जेवणावर राग काढला, मायने दोनदा विचारलं की भाजीत मीठ कमी आहे का.

मला खरं तर एकाच माणसाने ऐकायला हवं होतं. ताईने. ती रिठदला दिलेली आहे, सोयाबीन, तूर, दोन म्हशी, दोन मुलं, सासू-सासरे. तिला मी ते फोनवर पाठवलं. मिनिटभरात तिचा अंगठा आला. वीस मिनिटांचं वाजवणं आणि मिनिटभरात अंगठा. मी फोन केला.

"ताई, आयकलं का?"

"आयकलं ना. मस्त हाय. जेवला का?"

"हत्ती कसा वाटला?"

"कोनता हत्ती?" ती म्हणाली, आणि मागे कुकरची शिट्टी झाली. "थांब, सांगतो तुले नंतर."

नंतर म्हणजे कधीच नाही. मी पुन्हा पाठवलं, पुन्हा अंगठा आला, या वेळी दोन. मग मी विचारणं सोडलं, पण मनातून सुटलं नाही. ज्या बाईने ती भिंत काढली तिने हे ऐकलंच नाही, तर मी ते पुण्या-मुंबईच्या अनोळखी लोकांना ऐकवून काय मिळवणार होतो?

तेवढ्यात धाकट्याचं लग्न ठरलं.

तारीख निघाल्यावर पहिलं बोलणं भिंतीचंच झालं. भावाला क्रीम कलर हवा होता, मागच्या बाजूला नाही, फक्त पुढे. वर फ्लेक्स लागणार, त्यावर त्याचा आणि होणाऱ्या वहिनीचा फोटो. मी म्हणालो, भिंत तशीच राहू द्या, फ्लेक्स अंगणात लावा.

"अन् पाव्हने काय म्हनतीन?" भाऊ म्हणाला. "खुरवाला हत्ती पाहून हासतीन ना बे."

"हासू दे. तू बी हास."

"माह्या लग्नात माह्यावरच हासावं का त्यायनं?"

मी बाबांकडे वळलो. त्यांना सांगितलं की हे चित्र साधं नाही, याच्यावर मी दोन वर्षं घालवली आहेत, मोठ्या शहरात लोक असली भिंत काच लावून जपतात. बाबा भेंडीच्या पाट्या बांधत होते. त्यांनी शांतपणे गाठ मारली.

"भितीले फ्रेम करतं का कोनी?" ते म्हणाले. "तवा तिचं लगीन होतं, तिची भित होती. आता याचं हाय."

शेवटचा उपाय म्हणून मी मायकडे गेलो. तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं की एका भिंतीवर दोन नवऱ्या ठेवत नाहीत, नव्या नवरीला ते बरं नसतं. मी कितीही मोठा कलावंत झालो तरी उद्या वहिनीचं डोकं दुखलं तर ते माझ्या हत्तीमुळे दुखणार होतं. मग मी एवढंच ठरवलं की चुना लागायच्या आधी रेकॉर्डिंग पुरं करायचं आणि ताई लग्नाला आली की तिला त्या भिंतीसमोर बसवून ऐकवायचं. ती मोकळी होईपर्यंत मी तिचा पिच्छा सोडणार नव्हतो.

रेकॉर्डिंग पुरं करायचं राहिलं होतं ते एका गोष्टीमुळे. पुण्याचा माझा एक मित्र आहे, आवाज जुळवून, साफ करून देणं हा त्याचा धंदा. त्याने सगळं ऐकून फोन केला.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "फक्त तो मधला गॅप. तिथे तू आवाज पूर्ण बंद केला आहेस. हेडफोनवर ऐकणाऱ्याला वाटतं फाइल तुटली. तिथली शांतता रेकॉर्ड करून पाठव."

"शांतता म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या गावची शांतता. वारा, पानं, काहीतरी. तुमच्याकडे काय, भरपूर असेल."

त्या दिवसापासून माझी जी फरफट झाली ती सांगायला नको. मी हट्टाने ठरवलं होतं की शांतता घ्यायची तर त्या भिंतीसमोरचीच घ्यायची. अंगणात भाजीची रिकामी पाटी उलटी ठेवायचो, तिच्यावर रेकॉर्डर, आणि श्वास धरून बसायचो. शेतीची लाइन, म्हणजे वीज, त्या आठवड्यात दिवसाची होती. पंपाच्या मोटरींना सगळ्यांनी आपोआप चालू करणारे ऑटो लावून ठेवलेले, लाइन आली की शिवारभर एकदम घरघर सुरू. लाइन गेली तर ग्रामपंचायतीची कचरागाडी गाणं लावून यायची. ती गेली की भंगारवाला. शेजारच्या तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरले, त्यांना हाकलायला कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, आणि त्यावर गावातली सगळी कुत्री बोलली. एकदा खरोखर शांत झालं होतं. वीस सेकंद झाली असतील, आणि धाकट्याने घरातून लग्नाच्या यादीतल्या डीजेची नमुन्याची क्लिप पूर्ण आवाजात लावली. मी आत जाऊन त्याच्या हातातला फोन हिसकावला. त्याला कळेना की मी शांतता रेकॉर्ड करतो आहे म्हणजे नक्की काय करतो आहे.

"काहीच नाई तर काय रेकॉर्ड करून राह्यला?" तो म्हणाला. त्याचंही काही चुकलं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

चुनेवाल्यानेही छळलं. आज येतो, उद्या येतो करत त्याने लग्न तोंडावर आणलं. मला त्याचा उशीर पथ्यावरच पडत होता, पण त्यामुळे त्याचं येणं आणि घरातली लग्नाची कामं एकाच दिवसांत आली. ताई तोवर येऊन पोचली होती. आल्या आल्या तिने पदर खोचला तो काही सुटला नाही. गहू, पापड, आहेराच्या साड्या, पाहुण्यांचं चहापाणी. मी हेडफोन गळ्यात घालून तिच्या मागे मागे.

"ताई, वीस मिनिट."

"आता नाई बाबू, तांदूळ धुतले हायेत."

"मंग कवा?"

"संध्याकाळी."

संध्याकाळी ती नवऱ्याचा शर्ट इस्त्री करत असायची. मी म्हणालो, इस्त्री करता करता ऐक. ती म्हणाली, वायर अडकते. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं, आणि भिंतही कोणती, ते सांगायला नको.

चुनेवाला सकाळी येणार हे पक्कं झालं, त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दुपार उतरली होती. त्याने सामान आधीच आणून टाकलं होतं: क्रीम कलरच्या बादल्या, चौकटीला द्यायचा तपकिरी रंग, काळा रंग, ब्रश, रोलर. आत आजूबाजूच्या बाया जमायला लागल्या होत्या, कारण त्या संध्याकाळी हळद कुटायची होती. लग्नाची हळद पाच सवाष्णी मिळून मुसळाने कुटतात, मग ती लावतात. मी अंगणात पाटी उलटी करून बसलो होतो. शेवटचा प्रयत्न.

आणि लाइन गेली. मोटरी थांबल्या. कचरागाडी येऊन गेलेली. वाऱ्याने शेवग्याच्या शेंगा हलत होत्या तेवढाच काय तो आवाज. मी रेकॉर्डर सुरू केला आणि भिंतीकडे पाहत बसलो. ओलीने हत्तीची पाठ सोलली होती, घोड्याचा रंग उडाला होता. खूर मात्र शाबूत होते.

दार वाजलं. ताई दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली.

मी हाताने खुणावलं, बोलू नको.

"काहून?" ती म्हणाली.

झालं. मी इतका वैतागलो की रेकॉर्डर बंद करायचंही राहिलं. म्हणालो, आता वाटोळं केलंच आहे तर बस इथं आणि ऐक. माझा आवाज चढला असावा, कारण ती कपडे खांद्यावर टाकून मुकाट्याने ओट्याच्या कडेला बसली. मी तिच्या कानांवर हेडफोन घातले आणि फोनवर माझं वाजवणं लावलं. तोंड भिंतीकडे करून दिलं.

ती ऐकत होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो. पहिलं मिनिटभर तिने पाहुण्यासारखी मान हलवली. मग एकदम हसली, माझ्या दंडाला हात लावला.

"हे खुराचं हाय का?"

मी नुसती मान डोलावली. दोन वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं, आणि ती पहिल्या दमात ओळखून मोकळी झाली होती. मग ती एकेक ओळखत गेली. "हा तू." "हे घडी." घड्याळाला ती इतकी हसली की डोळे पुसले. बांगड्या आल्या तेव्हा ती थोडी पुढे वाकली. मग माझा चेहरा आला, म्हणजे माझी ती शांतता.

तिने हेडफोन काढले.

"बंद पडलं."

"बंद नाई पडलं. तो चेहरा हाय."

"कोनता चेहरा?"

मी भिंतीकडे बोट केलं आणि इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं सांगितलं. की तिने तो मुद्दाम कोरा ठेवला, की त्याचा अर्थ मला तेव्हाच लागला होता, की या सगळ्या वाजवण्याचा जीव त्यातच आहे. ती ऐकत होती. चेहऱ्यावरून मला कळलं की हे कुठे तरी भलतीकडेच चाललं आहे.

"मले हळद लागली ना बाप्पा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तोंड तेवढं राह्यलं होतं. मायनं आवाज देला, हळद लावाले बसवलं. हळद लागल्यावर नवरीले उंबऱ्याभाईर कोन येऊ देते? मी खिडकीतून सांगत होती, पाच मिनिट जाऊ द्या, डोळे काढतो अन् येतो. कोनी आयकलंच नाही."

"अन् मंग नंतर? माहेरी आली तवा?"

"तवा डब्यातला रंग वाळून दगड झालता."

मी तिथेच खाली बसलो. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. बारा-तेरा वर्षं मी ज्याला कला म्हणून डोक्यावर घेतलं होतं, ते पाच मिनिटं न मिळाल्यामुळे राहिलेलं काम होतं. तिने मुद्दाम ठेवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती आत अडकून पडली होती आणि मी तिच्या अडकण्यावर अर्धा मिनिट नक्षी काढली होती. आणि तिला त्याचं काहीच नव्हतं, ती शर्टाच्या घड्या घालत होती.

मी उठलो, चुनेवाल्याच्या सामानातला काळ्या रंगाचा डबा उघडला, एक बारीक ब्रश शोधला आणि तिच्या हातात दिला.

"आता काढ."

"येडा झाला का? उद्या चुना लागते त्याच्यावर."

"लागू दे. तू काढ."

तिने आधी दाराकडे पाहिलं, मग कपडे ओट्यावर ठेवले. हात पदराला पुसले. पाटीवरचा रेकॉर्डर मी बाजूला ओट्यावर ठेवला, ती पाटीवर चढली. एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून तिने माप घेतलं. शाळेत शिकवलेलं ते तिच्या हाताला अजून येत होतं. ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठाला निथळला आणि भिंतीजवळ नेला. तिथेच थांबली.

"कोनाचं तोंड काढू?" ती म्हणाली.

"कोनाचं म्हणजे? तुह्यं."

"तवाची मी कशी दिसत होती, मले याद नाही." तिने मागे वळून पाहिलं. हसत नव्हती. "फोटोत बी पाह्यलं म्या. फोटोत निरे मुंडावळ्याच हायेत."

"आताचं काढ मंग."

"आताचं?" ती म्हणाली. जणू ही गोष्ट तिला कुणी सुचवलीच नव्हती. मग भिंतीकडे वळली आणि खूप सावकाश, एकाच दमात, एक भुवई काढली. सरळ, थोडी वर गेलेली. आत्ता मला विचारताना तिची जशी झाली होती अगदी तशी. ती मागे झुकून पाहत होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, जे मी त्या ड्रमवर उभ्या मुलीनंतर कधी पाहिलं नव्हतं.

"अवं, कुठी हायेस?" आतून मायचा आवाज आला. "चारच जनी झाल्या. पाचवी तू. बाया खोळंबल्या ना."

मी ओरडलो, "पाच मिनिट थांब माय."

"हळदीले थांबत असते का?" माय म्हणाली.

ताईने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. पाटीवरून उतरली. बोटाला लागलेला काळा रंग पाहिला, हळदीत नको म्हणून घाईने हात धुतले.

"आलीच," मला म्हणाली. "झाकन लावून ठेव, वाळते."

आत मुसळं सुरू झाली, बायांनी गाणं धरलं. मी झाकण लावलं आणि वाट पाहत बसलो. हळद झाल्यावर बायांना चहा, मग त्यांच्या ओट्या भरायच्या, मग पंगत, मग तिच्या लहान्याला ताप आल्यासारखं वाटत होतं. दोनदा मी दारात जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा तिने मान वर करून "आलीच" अशी खूण केली. मला तिच्यावर चिडता येत नव्हतं. मायवर चिडावं तर तीही सकाळपासून उपाशी होती.

सकाळी मी उठेपर्यंत चुनेवाला शिडी लावून उभा होता. ताई त्याला चहा द्यायला बाहेर आली. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"राह्यलंच ना," ती म्हणाली, आणि रिकामी कपबशी घेऊन आत गेली.

भुवई रंगाच्या एका हातात गेली नाही. पहिला हात सुकल्यावर क्रीम रंगातून ती फिकट दिसत होती. चुनेवाल्याने दुसरा हात मारला. दुपारी त्या जागेवर फ्लेक्स लागला, त्यात भाऊ आणि वहिनी हातांचं बदाम करून उभे होते. लग्न चांगलं झालं. मी ऑर्केस्ट्रात वाजवलं, डीजेवाल्याने मध्येच बंद केलं.

सगळे पाहुणे गेल्यावर, ताईही रिठदला गेल्यावर, मी रेकॉर्डर उघडला. तो त्या संध्याकाळी बॅटरी संपेपर्यंत सुरूच राहिला होता. माझा चढलेला आवाज, तिचं हसणं, सगळं होतं. मी पुढे पुढे जात एका जागी थांबलो. ब्रश भिंतीवरून सरकल्याचा आवाज आहे, अगदी बारीक. मग मायची हाक, पाणी ओतल्याचा आवाज, ताईची ती दोन वाक्यं, पावलं, दार. आणि त्यानंतर मुसळं सुरू होईपर्यंत काही सेकंद खरोखरची शांतता, जिच्यासाठी मी पंधरवडाभर मरमर केली होती. मी ती दोन वाक्यं धरून तेवढा तुकडा कापला आणि पुण्याला पाठवला.

दुसऱ्या दिवशी मित्राचा मेसेज आला. शांतता छान आहे, पण तिच्या आधी एका बाईचा आवाज आला आहे, "आलीच" म्हणते आहे आणि पुढे झाकणाचं काहीतरी. काढून टाकू का?

मी लिहिलं, राहू दे.

त्याने विचारलं, का?

मी फोन घेऊन अंगणात क्रीम भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो. मग लिहिलं, ती येते म्हणून गेली आहे.